अर्जदार ते उमेदवार : एन्नोरचा प्रश्न विधानसभेच्या दारात

निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर येणाऱ्या उमेदवाराला कायदा पुष्कळ प्रश्न विचारतो. वय किती, मतदारयादीत नाव कोठे आहे, स्थावर-जंगम मालमत्ता किती, कर्ज किती, शिक्षण कोठवर झाले, कोणत्या न्यायालयात कोणते खटले प्रलंबित आहेत, सरकारी निवासस्थानाचे भाडे किंवा पाणी-विजेचे देयक थकले आहे काय, हे सारे नमुना 26 चे शपथपत्र खोदून विचारते. शिवाय दहा हजार रुपयांची अनामत भरावी लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती पाच हजार असते. एक प्रश्न मात्र या कागदांत कोठेही नसतो : आपण ही निवडणूक का लढवीत आहात?

सेवेत असताना असे अर्ज मी अनेक वेळा हाती घेतले, त्यांची छाननी केली, सही-शिक्क्यानिशी पोच दिली. तेव्हा ही उणीव कधी जाणवली नाही. हेतूची चौकशी कायद्याने करू नये, हे योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याची हेतूच्या प्रश्नातून इतक्या सहज सुटका होत नाही. तमिळनाडूच्या सोळाव्या विधानसभेची मुदत मे 2026 पर्यंतची. चेन्नईच्या उत्तर टोकावरील एन्नोरकडे पाहताना हा प्रश्न मला अधिकच महत्त्वाचा वाटतो.

तमिळ भाषेत उमेदवारी अर्जाला ‘वेट्पुमनु’ म्हणतात. यातील ‘मनु’ म्हणजे विनंतीअर्ज. जिल्हाधिकारी कार्यालयात दर सोमवारी भरणाऱ्या तक्रार निवारण दिनी, आपल्याकडील लोकशाही दिनासारख्या त्या प्रसंगी, लोक रांगेत उभे राहून जो कागद देतात, त्यालाही ‘मनु’च म्हणतात. एन्नोरच्या खाडीकाठची माणसे हा दुसऱ्या प्रकारचा मनु वर्षानुवर्षे लिहीत आली आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला पहिल्या प्रकारचा मनु लिहावासा का वाटतो आणि तो लिहून त्याच्या हाती नेमके काय येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

खाडीचे तीन मालक

कोसस्तलैयार नदी एन्नोरजवळ समुद्राला मिळते. मुखाजवळच्या वस्तीचे नावच मुगत्तुवारकुप्पम, म्हणजे नदीमुखाचा पाडा. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या या सीमेवर कोळंबी, खेकडे आणि मासळी यांवर जगणारी गावे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. ब्रिटिश अमदानीत मद्रासचे गोरे अधिकारी हवापालटासाठी आणि नौकाविहारासाठी येथे येत असत, हे आज सांगितले तर कोणाचा विश्वास बसणार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात मद्रासचा औद्योगिक विस्तार प्रामुख्याने उत्तरेकडे झाला. मणली येथे 1969 मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ खते व रसायने आली. एन्नोरचे जुने औष्णिक वीजकेंद्र 1970 मध्ये सुरू झाले आणि 2017 मध्ये बंद पडले. खाडीच्या उत्तरेला उत्तर चेन्नई औष्णिक केंद्राचा पहिला टप्पा, 630 मेगावॅटचा, 1990 च्या दशकात उभा राहिला. पुढे 1,200 मेगावॅटचा दुसरा टप्पा आला आणि मार्च 2024 मध्ये 800 मेगावॅटच्या तिसऱ्या टप्प्याचे उद्घाटन झाले. या केंद्राला कोळसा मिळावा म्हणून आखलेले एन्नोर बंदर देशाचे बारावे प्रमुख बंदर म्हणून 2001 मध्ये सुरू झाले. आज ते कामराजर बंदर या नावाने ओळखले जाते. त्याच्या उत्तरेला कट्टुपळ्ळी हे खासगी बंदर आहे. कोळशाची उरलेली राख वाहून नेणाऱ्या वाहिन्या वर्षानुवर्षे गळत राहिल्या आणि खाडीचे पात्र राखेने भरत गेले.

डिसेंबर 2023 या एकाच महिन्यात या भूगोलाचे सारे अर्थ एकत्र दिसले. मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर मणलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या परिसरातील तेल बकिंगहॅम कालव्यातून खाडीत उतरले. होड्या, जाळी, घरांच्या भिंती काळ्या झाल्या. त्यातून लोक सावरत होते तोच 26 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास पेरियकुप्पमजवळ एका खत कारखान्याच्या समुद्राखालील वाहिनीतून अमोनिया गळला. माणसे मुलाबाळांना घेऊन अंधारात रस्त्यावर धावली आणि अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

प्रशासनाच्या नजरेने पाहिले, तर येथे एक गोष्ट ठळकपणे दिसते. तेलशुद्धीकरण कारखाना केंद्राच्या सार्वजनिक क्षेत्रातला, खत कारखाना खासगी क्षेत्रातला आणि राख राज्य सरकारच्या वीजकंपनीची. एकाच खाडीत तीन मालकांचे सांडपाणी येते आणि या तिघांना एका जागी बसवून जाब विचारील असे व्यासपीठ खाडीकाठच्या माणसाजवळ नाही. उमेदवारीच्या कारणाचा उगम या पोकळीत आहे.

दारे अनेक, उत्तर कोणाचेच नाही

पोकळी म्हटले की दारेच नव्हती असे वाटेल. तसे नाही, दारे पुष्कळ होती. पहिले दार घराजवळचे होते. एन्नोरचा परिसर ज्या कत्तिवाक्कम नगरपालिकेत मोडत असे, ती नगरपालिका 2011 मध्ये तिरुवोट्टियूर व मणली यांच्याबरोबर बृहन्चेन्नई महानगरपालिकेत विलीन झाली. मोठ्या महापालिकेत गेल्याने रस्ते, गटारे, निधी यांचा लाभ होईल हा त्यामागचा विचार सर्वस्वी चुकीचा नव्हता. परंतु ज्या गावाला स्वतःचा नगराध्यक्ष होता, त्याचे रूपांतर एका महानगराच्या टोकाकडील काही प्रभागांत झाले. पुढे 2016 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि फेब्रुवारी 2022 पर्यंत निवडणूकच झाली नाही. पाच वर्षांहून अधिक काळ चेन्नईत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. त्या काळात एन्नोरच्या रहिवाशाला सर्वांत जवळचा लोकनिर्वाचित प्रतिनिधी म्हणजे आमदार. गटार तुंबले तरी आमदार आणि खाडी मेली तरी आमदार. विधानसभेच्या उमेदवारीकडे स्थानिक कार्यकर्त्यांचे डोळे का लागतात, याचे हे एक साधे, दुर्लक्षित कारण आहे. खालची पायरी काढून घेतली की माणूस वरच्या पायरीवर पाय ठेवू पाहतो.

दुसरे दार जनसुनावणीचे. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ही सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ भरविते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात. तिला गणसंख्येची अट नाही. लोक बोलतात, त्यांचे म्हणणे नोंदले जाते आणि इतिवृत्त पुढे पाठविले जाते. निर्णय घेण्याचा अधिकार त्या मंडपात बसलेल्या कोणालाही नसतो. अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्याला ही गोष्ट ठाऊक असते, बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती ठाऊक असते. ज्यांना ती उमगते, ते पुढच्या सुनावणीला एक तर येत नाहीत किंवा घोषणा देण्यापुरते येतात.

तिसरे दार न्यायाचे. राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण खंडपीठापुढे एन्नोरच्या मच्छीमारांनी राखेचा प्रश्न नेला. तज्ज्ञांच्या पाहण्या झाल्या आणि 2022 मध्ये लवादाने राज्याच्या वीजकंपनीवर जबाबदारी ठेवून खाडीच्या पुनरुज्जीवनाचे निर्देश दिले. हे यश लहान नव्हे. पण लवादाचा आदेश अमलात आणावयाचा कोणी? ज्या शासनाची वीजकंपनी, त्याच शासनाच्या खात्यांनी. आदेशाच्या पुढचा रस्ता पुन्हा सचिवालयातच येतो.

या सर्व दारांत अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेतले गेले, काही ठिकाणी मान्यही झाले. ‘अमुक तारखेपर्यंत अमुक होईल आणि न झाल्यास मी जबाबदार’ असे बोलण्यास बांधील असलेला माणूस मात्र त्याला कोठेही भेटला नाही. लोकशाहीत अशी सक्ती केवळ मंत्र्यावर आणि तीही सभागृहातच करता येते. त्या सभागृहात प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळविण्याचा एकच मार्ग आहे.

2021 ची लढत आणि उमेदवारीची तीन कारणे

एन्नोर ज्या तिरुवोट्टियूर मतदारसंघात येते, तेथील 2021 ची लढत या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. द्रमुकचे के. पी. शंकर हे मच्छीमार समाजातील स्थानिक उमेदवार. त्यांचे बंधू के. पी. पी. सामी हे याच मतदारसंघाचे आमदार होते आणि 2006 ते 2011 या काळात राज्याचे मत्स्यव्यवसायमंत्री होते. फेब्रुवारी 2020 मध्ये आमदार असतानाच त्यांचे निधन झाले. अण्णाद्रमुकचे के. कुप्पन हे 2011 मध्ये येथून निवडून आलेले माजी आमदार. तिसरे सीमान : ‘नाम तमिळर कच्ची’चे नेते, मूळचे शिवगंगा जिल्ह्यातील, चित्रपट दिग्दर्शनाकडून राजकारणात आलेले.

यांपैकी आपल्या उमेदवारीचे कारण सर्वांत स्पष्ट सांगितले ते बाहेरून आलेल्या सीमान यांनी. कट्टुपळ्ळी बंदराच्या विस्ताराला विरोध, हे ते कारण. हे बंदर 2018 मध्ये अदानी समूहाकडे आले आणि त्यानंतर त्याची क्षमता वर्षाला सुमारे 2.5 कोटी टनांवरून 32 कोटी टनांवर नेण्याचा, त्यासाठी सहा हजारांहून अधिक एकर क्षेत्र वापरण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्या क्षेत्राचा मोठा भाग समुद्रात भराव टाकून तयार होणार होता. पळवेर्काडूच्या, म्हणजे पुलिकतच्या सरोवरापर्यंतच्या मच्छीमारांना त्याची धास्ती वाटणे स्वाभाविक होते.

निकालात शंकर यांना 88 हजारांहून अधिक मते मिळाली. कुप्पन यांना सुमारे साडेपन्नास हजार आणि सीमान यांना साडेअठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास मते पडली. सीमान तिसरे आले. पण राज्यभर ज्या पक्षाला सात टक्क्यांहून कमी मते होती, त्याला येथे जवळपास चौथा हिस्सा मिळाला. पक्षनेता स्वतः उभा असल्याचा त्यात वाटा असणारच. तरीही खाडी, बंदर आणि किनारा हा विषय मते मिळवू शकतो, हे त्यातून दिसले. मतदारांनी विषयाला दाद दिली आणि प्रतिनिधित्व मात्र ओळखीच्या माणसाच्या हाती ठेवले.

या निर्णयाला अडाणीपणा म्हणता येणार नाही. मतदाराच्या लेखी आमदाराचे काम दुहेरी असते. रात्री अपरात्री रुग्णालयात खाट मिळवून देणे, पोलीस ठाण्यात सोबत येणे, बुडालेल्या होडीची भरपाई मंजूर करून घेणे हे एक काम. त्याला माणूस ओळखीचा लागतो. सभागृहात उभे राहून धोरण बदलायला लावणे हे दुसरे. त्याला विषयाचा ध्यास लागतो. स्थानिक उमेदवार पहिल्या कामासाठी निवडला जातो आणि बहुधा त्यातच संपतो. बाहेरचा उमेदवार दुसऱ्या कामाची भाषा बोलतो आणि निकालानंतर बहुधा निघून जातो. ऑक्टोबर 2017 मध्ये अभिनेते कमल हासन यांनी एन्नोरच्या खाडीला भेट दिली, तेव्हा देशभराच्या वाहिन्या तेथे पोहोचल्या. पुढे फेब्रुवारी 2018 मध्ये त्यांनी पक्ष काढला आणि 2021 ची निवडणूक लढविली ती कोइमतूर दक्षिणमधून. राजकारणी माणसाने आपला मतदारसंघ निवडावा, यात गैर काही नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातही आमदारकीच्या उमेदवाराचे नाव राज्यातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत असले की पुरते. पण खाडीकाठच्या माणसाला ही निवड उपलब्ध नाही. त्याचे कारण त्याच्या दाराशीच वाहत असते.

आणखी एक गुंता आहे. खाडीचा दक्षिण काठ तिरुवोट्टियूर मतदारसंघात येतो; उत्तर काठ, म्हणजे अत्तिपट्टूचे वीजकेंद्र आणि कट्टुपळ्ळी, पोन्नेरी या राखीव मतदारसंघात. ज्या बंदराविरुद्ध सीमान तिरुवोट्टियूरमधून लढले, ते त्या मतदारसंघाच्या बाहेर होते. पाणी एक, मासळी एक, मच्छीमारांची आपसांतील नाती एक. मतपेट्या मात्र दोन. मतदारसंघांची फेररचना लोकसंख्येच्या हिशेबाने होते, नदीच्या हिशेबाने होत नाही. त्यामुळे खाडीचा असा प्रतिनिधी कोणीच नसतो.

आमदाराच्या हाती काय असते?

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. प्रमुख बंदरे केंद्राच्या सूचीत, तेल केंद्राकडे, किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना दिल्लीची, पर्यावरण मंजुरी दिल्लीची. मग आमदार होऊन साधणार काय? आक्षेप वजनदार आहे, पण अर्धवट आहे. राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडून पाहावी. मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे. सार्वजनिक आरोग्य, जमीन आणि पाणी हे विषयही राज्यसूचीतच आहेत. वीज समवर्ती सूचीत आहे आणि प्रमुख नसलेली बंदरेही समवर्ती सूचीत आहेत. म्हणजे कट्टुपळ्ळीच्या बाबतीत राज्याचा शब्द निर्णायक नसला तरी बिनमहत्त्वाचा नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना 1974 च्या जल प्रदूषण कायद्याखाली राज्य सरकार करते, अध्यक्ष नेमते आणि कलम 18 अन्वये मंडळाला लेखी निर्देशही देऊ शकते. किनाऱ्यावरील प्रकल्पाची शिफारस राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून जावी लागते.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एन्नोरच्या राखेचा मालक खुद्द राज्य सरकार आहे. वीजकंपनीचे भागभांडवल शासनाचे, तिचे अध्यक्ष शासनाने नेमलेले, तिच्या तोट्याची भरपाई विधानसभेने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पातून होणारी. अशा कंपनीच्या बाबतीत आमदार हा फिर्यादी तर असतोच. एका अर्थाने तो भागधारकांचाही प्रतिनिधी असतो. विधानसभेची सार्वजनिक उपक्रम समिती त्या कंपनीचे हिशेब आणि कारभार तपासू शकते, अधिकाऱ्यांना बोलावू शकते. आश्वासन समिती मंत्र्याने सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करू शकते. राख वाहून नेणारी वाहिनी कधी बदलणार, हा प्रश्न दिल्लीत विचारण्याची गरजच नाही. तो चेन्नईतच विचारायचा आहे.

मग तो हवा तितका विचारला का जात नाही? पक्षांतरबंदी कायद्याकडे बोट दाखविण्याची पद्धत आहे. परंतु दहावी अनुसूची मतदानाच्या वेळी पक्षादेश मोडण्यावर निर्बंध घालते, प्रश्न विचारण्यावर घालीत नाही. सत्तारूढ बाकावरील आमदाराचे मौन हा कायद्याचा भाग नसून रूढीचा भाग आहे. मंत्रीपदाची आशा, पुढच्या वेळच्या तिकिटाची चिंता आणि पक्षश्रेष्ठींची नाराजी या तीन गोष्टी त्या रूढीला पुरेशा होतात. विरोधी बाकावरील आमदार प्रश्न विचारतो, पण त्याचा पक्ष सत्तेत असताना वीजकेंद्राचा कोणता टप्पा मंजूर झाला याची आठवण त्याला लगेच करून दिली जाते. तमिळनाडूत दोन्ही द्रविड पक्षांनी आलटून पालटून सत्ता भोगली असल्याने ही आठवण दोघांनाही पुरून उरते. त्यात राज्यांच्या विधानसभा वर्षाकाठी मोजकेच दिवस भरतात. आमदाराच्या हाती नक्की उरतो तो मतदारसंघ विकास निधी, तमिळनाडूत वर्षाला तीन कोटी रुपये. त्यातून समाजमंदिर, मासळी वाळविण्याचा ओटा, दिव्यांचे खांब होतात. ज्या माणसाने खाडीसाठी निवडणूक लढविली, त्याच्या कारकिर्दीची खूण म्हणून अखेर दिव्याचा खांब उरतो.

मंत्रीपदही पुरे पडत नाही

आमदार सोडा, मंत्री झाला तर? याचेही उत्तर याच मतदारसंघाच्या इतिहासात आहे. सामी मंत्री झाले तेव्हा मच्छीमार वस्तीतला माणूस मच्छीमारांच्याच खात्याचा प्रमुख झाला. प्रतिनिधित्वाचा याहून नेमका नमुना मिळणे कठीण. तरीही त्याच वर्षांत उत्तर चेन्नई केंद्राच्या दुसऱ्या टप्प्याची कामे सुरू झाली आणि कट्टुपळ्ळीच्या बंदराची आखणी पुढे सरकली.

यात व्यक्तीचा दोष शोधण्यात अर्थ नाही. कामकाजाचे नियम पाहावेत. मत्स्यव्यवसाय खाते मासेमारी बंदीच्या काळातील मदत देते, डिझेलवरील सवलत देते, आपत्तीनंतरचे साहाय्य वाटते. वीजकेंद्र कोठे असावे हे ऊर्जा खाते ठरविते, उद्योग कोठे असावा हे उद्योग खाते ठरविते, लहान बंदरांचे खाते वेगळे आणि पर्यावरणाचे त्याहून वेगळे. मासळीच्या खात्याकडे मासळी मेल्यानंतरचे काम येते. मंत्रिमंडळाच्या टिपणीवर अभिप्रायासाठी खात्यांची जी यादी असते, तीत मत्स्यव्यवसायाचे स्थान कोठे असते, हे ज्यांनी सचिवालयात दिवस काढले त्यांना सांगावयास नको.

डिसेंबर 2023 च्या तेलगळतीनंतर तमिळनाडू सरकारने जे साहाय्य जाहीर केले, त्यात मच्छीमार कुटुंबांना प्रत्येकी 12,500 रुपये, होडीच्या दुरुस्तीसाठी 10,000 रुपये आणि इतर बाधित कुटुंबांना 7,500 रुपये, असे एकूण 8.68 कोटी रुपये होते. सरकारने हात आखडला असे कोणी म्हणेल, कोणी म्हणेल वेळेवर दिले. माझा मुद्दा वेगळा आहे. कोणत्या हिशेबाने हे आकडे ठरले? किती दिवसांची मासेमारी बुडाली, खाडीतली पैदास पुन्हा सुरू होण्यास किती हंगाम लागतील, याची नोंद शासनाच्या कोणत्याही वहीत नाही. जेथे हक्काची नोंद नसते, तेथे भरपाईचे रूपांतर अनुदानात होते.

पाण्याला सातबारा नसतो

महाराष्ट्रातील वाचकाला येथे उरण-पनवेलची आठवण होईल. जासईचे दि. बा. पाटील हे शेतकरी कामगार पक्षाकडून पनवेलचे आमदार म्हणून अनेक वेळा निवडून आले आणि दोनदा लोकसभेतही गेले. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचा लढा त्यांनी सभागृहात आणि रस्त्यावर एकाच वेळी चालविला. जानेवारी 1984 च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. स्थानिक माणूस विधिमंडळात गेल्याने काय होऊ शकते, याचे ते ठळक उदाहरण आहे.

पण तो आदर्श एन्नोरला जसाच्या तसा लागू पडत नाही. उरणच्या शेतकऱ्यांकडे सातबाराचा उतारा होता. साडेबारा टक्के कशाचे, या प्रश्नाला उत्तर होते. खाडीत जाळे टाकणाऱ्याकडे उतारा नाही. कोणत्या गावाने कोणत्या पाण्यात कधी उतरावे, हे गावपंचायतीच्या रूढीने ठरते. पुलिकतच्या सरोवरात ‘पाडु’ या नावाने ओळखली जाणारी पाळीपाळीची पद्धत प्रसिद्धच आहे. महसुली दप्तराला ही पद्धत दिसत नाही. तमिळ महसुली परिभाषेत सारामाफ, सामाईक वापराच्या जमिनीला ‘पोरंबोक्कु’ म्हणतात. आपले गायरान त्याच्या जवळपास येते. हा शब्द पुढे तमिळमध्ये निरुपयोगी माणसासाठी शिवीसारखा वापरला जाऊ लागला, हा भाषेचा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. टी. एम. कृष्णा यांनी 2017 मध्ये एन्नोरमध्ये चित्रित केलेल्या गीतातून हा शब्द पुन्हा सन्मानाने उच्चारला, तेव्हा अनेक शहरी श्रोत्यांना त्याचा मूळ अर्थ प्रथमच कळला.

नोंद नसलेल्या गोष्टीचे काय होते, याचा दाखला एन्नोरच्या नकाशांनी दिला आहे. 1996 च्या मंजूर किनारा आराखड्यात खाडीचा विस्तीर्ण प्रदेश संरक्षित म्हणून दाखविलेला होता. नंतर पुढे आलेल्या दुसऱ्या एका नकाशात खाडीचा मोठा भाग दिसेनासा झाला. ज्या पाण्यात माणसे रोज उतरतात, ते कागदावरून नाहीसे होऊ शकते. म्हणून ज्यांच्याजवळ उतारा नाही, त्यांना मतदारयादीतल्या नावाचे मोल इतरांहून अधिक असते. शासनाच्या दप्तरात त्यांची बिनचूक नोंद असलेली तेवढीच एक जागा आहे. विधानसभेला उभे राहण्यामागचे खोल कारण मला येथे दिसते.

हा प्रश्न केवळ चेन्नईचा नाही. नागपूरजवळ कोराडी वीजकेंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध जुलै 2022 मध्ये फुटला आणि राख शेतांत व नाल्यांत शिरली. तेथेही वीजकंपनी राज्य शासनाचीच. मुंबईत माहुलच्या हवेसाठी हरित लवादाने ऑगस्ट 2020 मध्ये चार कंपन्यांना एकूण 286 कोटी रुपयांची भरपाई भरण्याचा आदेश दिला. डहाणूजवळ वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये मंजुरी दिली आणि त्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचे प्रश्न एन्नोरच्या प्रश्नांशी जवळचे नाते सांगतात.

मग निवडणूक लढवून काय मिळाले?

निवडणुकीच्या राजकारणाने एन्नोरला काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कट्टुपळ्ळीच्या विस्तारासाठी जानेवारी 2021 मध्ये ठरलेली जनसुनावणी पुढे ढकलली गेली. सप्टेंबर 2023 मध्ये पुन्हा जाहीर झाली आणि पुन्हा पुढे ढकलली गेली. विरोधी पक्षात असताना द्रमुकने या प्रकल्पाला उघड विरोध केला होता. सत्तेत आल्यावर तो शब्द मोडणे अवघड झाले, यामागे किनाऱ्यावरच्या मतांचे भान नक्कीच होते. मात्र पुढे ढकलणे म्हणजे निर्णय नव्हे. टांगलेला प्रकल्प गुंतवणूकदाराला नको असतो आणि मच्छीमारालाही नको असतो, कारण दोघांनाही उद्याचे नियोजन करता येत नाही. निवडणुकीचा धाक स्थगिती मिळवून देतो. निर्णय मिळण्यासाठी विधिमंडळाचे काम चालावे लागते.

हेही मान्य करावयास हवे की एन्नोरचे सारे मतदार मच्छीमार नाहीत. कारखान्यांतील कामगार, कंत्राटी मजूर, मालमोटारींवर पोट असणारी कुटुंबे यांचीही मते आहेत आणि धुराड्याशी त्यांचे नाते वेगळे आहे. वीजही राज्याला लागतेच. जो उमेदवार या दोहोंपैकी एकाच बाजूचे बोलतो, तो आंदोलनाचा नेता होऊ शकतो. मतदारसंघाचा प्रतिनिधी होण्यासाठी त्याला दोन्ही घरांत जाऊन तेच बोलता आले पाहिजे. ‘कारखाना हटवा’ या घोषणेपेक्षा ‘वाहिनी बदला, राख उचला, गळतीची सूचना देणारी यंत्रणा बसवा आणि दर अधिवेशनात हिशेब द्या’ ही मागणी दोन्ही घरांत टिकते.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. तिरुवोट्टियूर आणि पोन्नेरीच्या आमदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, खाडीपुरते एकत्र बसण्याची प्रथा सुरू करावी. सार्वजनिक उपक्रम समितीने वीजकंपनीच्या राख व्यवस्थापनाची प्रत्यक्ष जागेवर तपासणी करून अहवाल सभागृहात ठेवावा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वार्षिक अहवालावर अर्थसंकल्पी अधिवेशनात एक दिवस चर्चा व्हावी. किनाऱ्यावरील प्रकल्पाच्या प्रत्येक मंत्रिमंडळ टिपणीवर मत्स्यव्यवसाय खात्याचा लेखी अभिप्राय अनिवार्य करावा. आणि गावोगावच्या पारंपरिक मासेमारी हक्कांची महसुली नोंद करण्याचे काम एखाद्या जिल्ह्यापासून सुरू करावे. हे शेवटचे काम सर्वांत कठीण. पण मुलकी खात्याने याहून कठीण मोजण्या केलेल्या आहेत.

भारतातला पहिला मे दिन 1 मे 1923 रोजी मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर साजरा झाला. तो घडवून आणणारे सिंगारवेलर मच्छीमार कुटुंबात जन्मले होते आणि पुढे मद्रास महापालिकेचे सदस्यही झाले. किनाऱ्यावरील माणसाने सभागृहाची वाट धरणे ही त्या शहरातील नवी गोष्ट नाही. उमेदवार हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ आशा बाळगणारा असा आहे. मराठीत तो शिकाऊ माणसासाठीही वापरला गेला. ‘उमेदवारी करणे’ म्हणजे काम शिकत राबणे. एन्नोरचा उमेदवार निवडून आल्यावर सभागृहाचे काम खरोखर शिकला आणि सभागृहाने त्याला ते करू दिले, तर त्याला मत देणाऱ्यांचे सोमवारचे अर्ज काहीसे कमी होतील. पुढच्या वेळी एखादा निवडणूक निर्णय अधिकारी अर्जाची छाननी करीत असेल, तेव्हा न विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर त्याला मागच्या पाच वर्षांच्या कामकाजाच्या वृत्तांतात वाचावयास मिळावे.